पुस्तक विकत घ्यायचे की परवाना?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातील पालक अलीकडे एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. पोराला किंवा पोरीला वाचनाचे वेड आहे, मग त्याला ते किंडल की काय म्हणतात ते यंत्र घेऊन द्यावे, की पुस्तकेच घेत राहावीत? विचारणारे कोण आहेत? पुलगावच्या दारूगोळा भांडारातील कामगार, हिंगणघाटच्या आगारातील वाहक, आर्वीकडची अंगणवाडी सेविका, सेलू-देवळीचा जिल्हा परिषद शिक्षक. दोन पिढ्यांपूर्वी याच घरांत पुस्तक येईल की नाही, एवढाच प्रश्न होता. आज कोणत्या रूपात यावे हा प्रश्न आहे. चळवळीने केलेल्या प्रवासाची ही खूण आहे. परंतु म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर दुकानदारावर किंवा जाहिरातीवर सोडता येणार नाही. त्यात पैशाचा, शिक्षणाचा, कायद्याचा आणि आपल्या साहित्याच्या भवितव्याचा मुद्दा गुंतलेला आहे.

वाचनवेड्या मुलाच्या बापाने काय करायचे असते, याचा दाखला आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार असताना सुभेदार रामजींनी भीमरावांच्या वाचनाला कधी आडकाठी केली नाही. हातात पैसा नसला की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, उसने मागत. मुलीकडेही पैसे नसले तर तिचा दागिना घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. ती पुस्तके शाळेच्या अभ्यासक्रमात आहेत काय, असा हिशेब त्या बापाने केला नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कार सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी आधीच हेरून ठेवला होता. १९५६ साली नागपुरात जे घडले त्याच्या मुळाशी गेलो तर एका शिक्षकाच्या हातातून एका विद्यार्थ्याच्या हातात गेलेले एक छापील पुस्तक सापडते. पुस्तक हातातून हातात जाऊ शकते, ही साधी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता यंत्राकडे वळू. आपल्याकडे मोबाईल, टॅब्लेट आणि ई-रीडर या तिन्ही वस्तूंना लोक एकाच मापाने मोजतात. हे चूक आहे. मोबाईल आणि टॅब्लेटचा पडदा स्वतःच्या उजेडाने पेटतो. ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांनी भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या इशाऱ्याने ते कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान टिकवण्यास वीज लागत नाही आणि ते कागदासारखे बाहेरच्या उजेडात वाचता येते. म्हणून त्याची बॅटरी कित्येक दिवस, आठवडे चालते आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. त्यात रील नाही, गेम नाही, मधेच वाजणारी घंटी नाही. तात्पर्य, ई-रीडर हे वाचण्याचे यंत्र आहे, मोबाईल हे वाचन सोडून सर्व काही करण्याचे यंत्र आहे.

हे बोलणे कडवट वाटेल, पण आकडे तेच सांगतात. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणाशी संबंधित कामासाठी केला असे सांगणारी मुले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारी ७६ टक्के होती. तेव्हा “मोबाईलवर सगळे फुकट मिळते, पुस्तक कशाला?” असे जो बाप म्हणतो, त्याने पोराच्या हातात मोबाईल कशासाठी फिरतो ते एक दिवस शांतपणे पाहावे. या लेखातील प्रश्न पुस्तक की मोबाईल हा नाहीच. तो प्रश्न निकाली निघालेला आहे. खरी तुलना छापील पुस्तक आणि ई-रीडर यांची आहे.

ई-रीडरच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. एक, जागा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात तेथे कपाट कोठे ठेवणार? पावसाळ्यात ओल येते, वाळवी लागते. दोन, प्रवास. नागपूर किंवा पुण्याच्या वसतिगृहात जाणाऱ्या मुलाला ट्रंकभर पुस्तके नेता येत नाहीत, यंत्रात शेकडो पुस्तके मावतात. तीन, शब्दकोश. इंग्रजी शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. मराठी शाळेतून निघून इंग्रजी ग्रंथांकडे वळणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. चार, ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आमच्या वकिली व्यवसायातही हे अनुभवास येते. नागपूरहून निघणारे ऑल इंडिया रिपोर्टरचे जाडजूड खंड विकत घेणे हे एके काळी नवख्या वकिलाच्या ऐपतीबाहेरचे होते. ज्याच्या घरी वकिलीची परंपरा, त्याच्याकडे खंडांची भिंत आणि पहिल्या पिढीचा वकील ज्येष्ठांच्या दारात उभा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपले प्रकाशित निवाडे ई-एससीआर या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, तेव्हा ती भिंत बरीच खाली आली. डिजिटल माध्यमाला सरसकट नावे ठेवणे हे शोषितांच्या हिताचे नाही.

परंतु निवाडा शोधणे वेगळे आणि पुस्तक वाचून पचवणे वेगळे. या बाबतीत अभ्यासकांचे निष्कर्ष पाहावेत. २०१८ साली डेलगाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. निष्कर्ष असा की, माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक चांगला समजतो. वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो. कथा-कादंबरीच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही. २०१९ साली मॅंगेन आणि इतरांनी खास ई-रीडरच तपासला. एकच लांब कथा काहींना छापील पुस्तकात आणि काहींना किंडलवर वाचायला दिली. एकूण आकलन जवळपास सारखे निघाले, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे छापील पुस्तक वाचणाऱ्यांना अधिक बरोबर सांगता आले. कारण उघड आहे. किती वाचून झाले आणि किती उरले हे पुस्तकात डाव्या-उजव्या हाताला कळते. स्वीडनसारख्या श्रीमंत आणि यंत्रांत पुढारलेल्या देशाने २०२३ साली शाळांत छापील पाठ्यपुस्तके परत आणण्यासाठी ६८५ दशलक्ष क्रोनर मंजूर केले. जे सोडून ते मागे फिरत आहेत, त्याच्याच मागे आपण आंधळेपणाने धावायचे काय?

आता खिशाचा हिशेब. नावाजलेल्या कंपनीचा ई-रीडर आज दहा हजारांच्या वरच जातो. वर्ध्याचे सुधीर प्रकाशन, पुण्याचे सुगावा प्रकाशन यांसारख्यांनी काढलेली आपल्या विचारांची पुस्तके बहुधा पन्नास ते दोनशे रुपयांच्या घरात मिळत आली. शंभर-सव्वाशे रुपये सरासरी धरली तरी यंत्राच्या किमतीत ऐंशी ते शंभर पुस्तके होतात. आणि यंत्र घेतल्यावर खर्च संपत नाही, सुरू होतो. ई-पुस्तके वेगळी विकत घ्यावी लागतात. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २७ जुलै २०१८ पासून ५ टक्के कर आहे. यंत्र पडून पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च नव्याइतका. पुस्तक पडले तर उचलून पुन्हा वाचता येते. शंभर पुस्तके घरात आली तर ती एकटा मुलगा वाचत नाही. धाकटी बहीण वाचते, शेजारचा पोरगा मागून नेतो, दुपारी आई पाने चाळते. यंत्र एका वेळी एकाच्याच हातात असते.

यापुढचा मुद्दा माझ्या व्यवसायाचा आहे आणि बहुतेक पालकांच्या तो ध्यानीमनीही नसतो. दुकानातून छापील पुस्तक घेतले की ती प्रत तुमच्या मालकीची होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे प्रती वितरित करण्याचा हक्क ग्रंथकाराचा असला, तरी एकदा चलनात आलेल्या प्रतीवर तो उरत नाही. म्हणून ती प्रत तुम्ही विकू शकता, दान देऊ शकता, विहाराच्या कपाटात ठेवू शकता, नातवाला देऊन जाऊ शकता. जुन्या पुस्तकांचा सारा बाजार याच तत्त्वावर उभा आहे आणि आपल्या कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्या जुन्या पुस्तकांवरच झाले आहे. ई-पुस्तकाचे तसे नाही. मोठ्या कंपनीच्या दुकानात ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते, पण करारातील बारीक अक्षरे वाचली तर तुम्ही पुस्तक विकत घेतलेलेच नसते. ते वाचण्याचा परवाना घेतलेला असतो. तो परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. केळूसकर गुरुजींनी आज भीमरावांना आपल्या यंत्रातील पुस्तक द्यायचे म्हटले असते, तर यंत्रच काढून द्यावे लागले असते.

हा मुद्दा काल्पनिक नाही. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या प्रती त्यांच्या किंडलमधून दूरवरून पुसून टाकल्या. ज्याने ती पुस्तके दुकानात ठेवली त्याला हक्क नव्हता, असे कारण होते. पैसे परत केले गेले. पण मिशिगन राज्यातील सतरा वर्षांचा एक विद्यार्थी त्याच पुस्तकावर शाळेसाठी टिपणे काढीत होता. पुस्तक गेले आणि त्याच्या टिपणांना अर्थ उरला नाही. तो न्यायालयात गेला. कंपनीने त्याच वर्षी तडजोड करून दीड लाख डॉलर मोजले आणि असे पुन्हा सहसा करणार नाही अशी हमी दिली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांची पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे मिळाले, पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेल्या ई-पुस्तकाची फाईल संगणकावर उतरवून घेण्याची सोय काढून घेतली. म्हणजे पुस्तकाची किल्ली दिवसेंदिवस अधिकाधिक दुकानदाराच्याच खिशात जात आहे.

याच्याशेजारी आपला स्वतःचा इतिहास ठेवून पाहा. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. राम आणि कृष्णावरील परिशिष्टावरून प्रस्थापितांनी काहूर उठवले. जानेवारी १९८८ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीत खंडाची प्रत जाळण्यात आली आणि शासनाने खंड मागे घेण्याची तयारी केली. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर या प्रकरणातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी तळटीप टाकून परिशिष्ट कायम राहिले. त्या लढाईत आपल्या बाजूने एक गोष्ट होती. घरोघर पोहोचलेल्या प्रती परत घेणे कोणाच्याही हातात नव्हते. चौकात जाळलेली प्रत दिसते आणि माणसे रस्त्यावर येतात. रात्रीतून पुसलेली फाईल दिसत नाही आणि मोर्चा निघत नाही. ज्या समाजाच्या ग्रंथांवर कोणाचा ना कोणाचा राग असतोच, त्या समाजाने आपले ग्रंथ परकीय कंपनीच्या परवान्यावर सोपवावेत काय, याचा विचार व्हावा.

कोणी म्हणेल, कागदही नष्ट होतोच की! बरोबर आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना बुलडोझर लावून पाडला गेला, हे आपण विसरलेलो नाही. १९१७ साली बाबासाहेबांनी पाठवलेले ग्रंथ जहाज बुडाल्याने समुद्रात गेले. दुर्मीळ पुस्तकाची एकच प्रत असेल तर ती स्कॅन करून चार ठिकाणी ठेवणे हेच शहाणपणाचे. पण फाईल आणि परवाना यांत फरक आहे. कुलूप नसलेली फाईल ही आपली संपत्ती आहे, तिच्या हव्या तेवढ्या प्रती जपता येतात. आपला विरोध कुलपाला आहे, विजेवर चालणाऱ्या अक्षराला नाही.

मग ई-रीडर घेतला तर त्यात आपले मूल वाचणार काय? किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली. मोठ्या प्रकाशकांच्या कादंबऱ्या, चरित्रे, अनुवाद तेथे मिळतात. परंतु आपले साहित्य मुख्यत्वे छोट्या प्रकाशकांनी, कार्यकर्त्यांनी पदरमोड करून छापलेले आहे. ते दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जमिनीवर सतरंजी अंथरून विकले जाते. त्यातील फार थोडे ई-रूपात आले आहे. शिवाय ही पुस्तके वर्षानुवर्षे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यांची ई-आवृत्ती करायची तर मजकूर बदलून पुन्हा तपासावा लागतो. बाबासाहेबांचे खंड पीडीएफ रूपात परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी विनामूल्य मिळाले आहेत, ही मोठीच गोष्ट. पण त्यांची पाने मोठ्या मापाची आहेत. सहा इंची यंत्रात अक्षर मुंगीएवढे होते आणि मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यातही बहुतेक खंड इंग्रजीत आहेत. अठराव्या खंडाच्या तीन भागांतील मराठी भाषणांसारखा मजकूर नववी-दहावीच्या मुलाला सरळ वाचता येतो, उरलेल्यासाठी मराठी अनुवाद लागतात. सबब, मराठीतून वाचणाऱ्या आपल्या मुलासाठी ई-रीडर हे आज तरी अर्धे रिकामे कपाट आहे.

ते भरणे कायद्याने शक्य आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्याकडे कॉपीराईट ग्रंथकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांवरील हक्क ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला. १९५७ साली, निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथावरील हक्क त्यानंतर एका वर्षाने संपला. मात्र जे लेखन प्रथमच १९८७ साली खंडांतून प्रकाशात आले, त्याची ६० वर्षे कलम २४ प्रमाणे त्या प्रकाशनापासून मोजली जातात. तसेच अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो, तो वेगळा पाहावा लागतो. तात्पर्य, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या मूळ भाषणाचा नवा मराठी अनुवाद करून तो कुलूप न लावता, युनिकोड अक्षरांत, विनामूल्य देण्यास आज कोणाची परवानगी लागत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली त्या न झालेल्या भाषणाच्या दीड हजार प्रती पदरचे पैसे घालून छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. आज छपाईचा खर्चही नाही. आपल्या वर्ध्यातील हिंदी विद्यापीठाने ‘हिंदी समय’ या नावाने हिंदी साहित्याचे मोठे भांडार विनामूल्य खुले केले आहे. आपल्याच जिल्ह्यात हिंदीसाठी जे झाले, ते आंबेडकरी मराठी साहित्यासाठी आपल्या संगणक शिकलेल्या तरुणांना का होऊ नये? वाढदिवसाच्या फलकांवर होणारा खर्च एक वर्ष इकडे वळवला तरी सुरुवात होईल.

आता शासनाकडे पाहू. शासनाला ‘डिजिटल’ हा शब्द फार आवडतो. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय ई-पुस्तकालय सुरूही झाले. स्वागत आहे. पण एका हाताने डिजिटल देताना दुसरा हात छापील पुस्तकांतून काढून घेतला जात असेल तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही. बाबासाहेबांच्या खंडांचे काय झाले? नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत जेमतेम ३३ हजार प्रती छापल्या, अशी बातमी २०२१ साली आली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने डिसेंबर २०२१ मध्ये तिची स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून चालवण्याचा आदेश दिला. कागद गोदामात आणि वाचक रांगेत! ही मागणी कोण करत होते? ज्यांना पीडीएफ फुकट उपलब्ध होती तेच लोक छापील खंडासाठी तासन्‌तास रांगा लावत होते. त्या रांगांनी या लेखातील प्रश्नाचे अर्धे उत्तर दिलेले आहे.

शाळेचेही तसेच. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये झाला. त्याच्या कलम १९ आणि अनुसूचीनुसार पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत. ही कोणाची मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांचे अनुदानही ठरलेले आहे. ती पुस्तके मुलांच्या हाती पडतात, की मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाटात राहतात? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ पासून आहे. ग्रंथालयांच्या अनुदानात २०२२ साली ६० टक्के वाढ झाली, ती अनेक वर्षांच्या ओरडीनंतर. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ८७ टक्के साक्षरता आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे अखिल भारतीय साहित्य संमेलन आणि त्याच वेळी विद्रोही साहित्य संमेलनही वर्ध्यात भरले. पुस्तकांची दुकाने फुलली. वाचक येथे आहेत. त्या वाचकाच्या गावात पुस्तक पोहोचवणारी व्यवस्था आहे काय, हा प्रश्न संमेलनाचे मांडव उतरल्यावरही शिल्लक आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. घरात एकच यंत्र आले तर ते आधी मुलाच्या हाती जाते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींकडे अवघा २० टक्के. बहिणीच्या हातातले यंत्र भाऊ तपासतो, तिच्या हातातल्या पुस्तकाला तेवढा अटकाव होत नाही. सबब, वाचणारी मुलगी असेल तर तिच्या नावाने, तिच्या सहीने पुस्तके घरात यावीत. आणि यंत्र घ्यायची ऐपत झाली तर तेही तिच्याच नावावर घ्यावे.

एवढे पाहिल्यावर निर्णय कसा करावा? माझे मत असे. मूल चौदा-पंधरा वर्षांपर्यंतचे असेल तर निःशंकपणे छापील पुस्तके घ्यावीत. वाचनाची बैठक, चिकाटी आणि स्मरण याच वयात घडते. पेन्सिलीने खुणा करण्याची, समासात प्रश्न लिहिण्याची सवय लावावी. आठवी ते दहावीच्या मुलाला वर्षाला दोन हजार रुपयांची पुस्तके त्याच्या स्वतःच्या निवडीने घेऊ द्यावीत. त्यात चळवळीची असावीत, तशीच विज्ञानाची, प्रवासाची आणि निखळ गोष्टींचीही असावीत. फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन देणे याला वाचन म्हणत नाहीत. बारावीनंतर मूल बाहेरगावी शिकायला जात असेल, इंग्रजी वाचन वाढले असेल आणि ऐपत असेल, तर ई-रीडर उपयोगाचा आहे. पण घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. दुकानाबाहेरून आलेली कुलूप नसलेली फाईल त्यात उघडते काय, आणि देवनागरी अक्षर नीट उमटते काय. कादंबऱ्या, प्रवासात वाचायचे हलके साहित्य, एकदाच चाळायचे संदर्भ यंत्रात ठेवावेत. पुन्हा पुन्हा वाचायचे ग्रंथ, म्हणजे संविधान, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, बाबासाहेबांचे खंड, फुल्यांचे समग्र वाङ्मय, छापीलच घरात असावेत. मुलाच्या डोळ्यांना अडचण असेल, बारीक अक्षर वाचवत नसेल, तर मात्र वयाची अट न लावता यंत्र आधी घ्यावे. त्या मुलासाठी ती चैन नाही, गरज आहे.

ज्यांना एकट्याला यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी चळवळीने मार्ग काढावा. प्रत्येक तालुक्यातील एका विहाराने किंवा वसतिगृहाने वर्गणीतून दोन ई-रीडर घ्यावेत. पुस्तकाप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन ते पंधरा दिवसांसाठी विद्यार्थ्यांना द्यावेत आणि त्यात फक्त कुलूप नसलेली, कायदेशीर, विनामूल्य पुस्तके भरावीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मराठी विश्वकोश आहे, निवाडे आहेत, खंड आहेत. त्याच विहारात छापील पुस्तकांचे एक उघडे कपाट असावे. त्याला कुलूप नको. चार पुस्तके चोरीला गेली तर चार घरांत पुस्तके गेली असे समजावे.

आणि पालकांनी आपापल्या गावच्या शाळेत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. विचारायचे एवढेच. गेल्या तीन वर्षांत ग्रंथालय अनुदान किती आले, कोणती पुस्तके घेतली, आणि किती मुलांनी ती घरी नेली त्याच्या नोंदवहीची प्रत द्यावी. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्ज कसा लिहावा हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी आपल्या गावातील एखाद्या बारावी शिकलेल्या पोरीकडून लिहून घ्यावा. ती पोरगी वाचणारी असेल तर तिला कारण समजावून सांगावे लागणार नाही.